सांत क्लिमेंत दे ताऊल

स्पेनच्या कातालोनिया प्रांतात, पिरेनीज पर्वतातील बोई खोऱ्यात, ताऊल या खेड्याच्या वेशीवर असलेले रोमनेस्क (युरोपातील एक मध्ययुगीन वास्तुशैली) शैलीतील कॅथलिक चर्च. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमचे पोप असलेल्या संत क्लेमेंट यांच्या नावाने ते बांधले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवरच्या या गावाला राजधानी, बाजारपेठ किंवा मोठा मठ असे कधीच काही नव्हते. तरीही बाराव्या शतकातील युरोपीय चित्रकलेचा विचार या चर्चला वगळून करता येत नाही. गोवा आणि वसईमुळे आपल्या ओळखीची झालेली चर्चवास्तू सोळाव्या शतकात व त्यानंतर घडली. ताऊलचे चर्च तिच्याहून चारशे वर्षांनी जुने आहे आणि त्याचा बाजही अगदी वेगळा आहे.

चर्चची तारीख खात्रीने सांगता येते, कारण ती आतल्या एका खांबावर रंगाने लिहून ठेवलेली होती. १० डिसेंबर ११२३ रोजी बार्बास्त्रोचे बिशप रामोन येथे आले, त्यांनी चर्चचे पवित्रीकरण केले आणि वेदीत संत कॉर्नेलियस यांचे अवशेष ठेवले, असे तो लॅटिन लेख सांगतो. दुसऱ्याच दिवशी याच बिशपांनी गावाच्या मध्यभागी असलेल्या सांता मारिया चर्चचेही पवित्रीकरण केले. एवढ्याशा खेड्यात लागोपाठ दोन चर्च उभी राहिली, त्यामागे खोऱ्याचे सरंजामदार असलेल्या एरिल घराण्याचा पैसा होता. शेजारच्या आरागॉन राज्याच्या राजाने मुस्लिम सत्तेविरुद्ध काढलेल्या मोहिमांत हे घराणे सामील होते आणि तिथली लूट या दगडांत उतरली, असे अभ्यासक मानतात.

इमारतीची रचना साधी आहे. मध्ये रुंद दालन, दोन्ही बाजूंना अरुंद दालने आणि पूर्वेला तिन्हींच्या टोकांशी अर्धवर्तुळाकार गाभारे. खांब गोल व जाडजूड असून त्यांना कोरीव शीर्ष नाही, फक्त करवतीच्या दात्यांसारखी एक पट्टी आहे. वर दगडी घुमट नसून लाकडी तुळयांचे उतरते छप्पर आहे आणि त्यावर पाटीच्या दगडाच्या फरश्या अंथरल्या आहेत. छताचा भार हलका असल्याने दालन मोकळे वाटते. बाहेरून गाभाऱ्यांच्या भिंतींवर शोभेपुरत्या लहान कमानींची ओळ फिरते. ही रीत उत्तर इटलीतील लोंबार्डीच्या गवंड्यांकडून आली. आग्नेय कोपऱ्याला टेकून उभा असलेला चौकोनी घंटामनोरा सहा मजली आहे. जोडकमानींच्या खिडक्यांमुळे वरच्या मजल्यांवर भिंत कमी आणि मोकळी जागा जास्त दिसते. खोऱ्यातल्या इतर चर्चनाही असेच मनोरे आहेत.

मधल्या गाभाऱ्यातील भित्तिचित्र हे या चर्चचे खरे वैभव. चित्रकाराचे नाव कोणालाच ठाऊक नाही, त्याला ‘ताऊलचा कलावंत’ म्हणतात. बदामाच्या आकाराच्या प्रभामंडळात ख्रिस्त बसलेला आहे. उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, डाव्या हातात उघडे पुस्तक आणि त्यावर ‘मी जगाचा प्रकाश आहे’ हे लॅटिन शब्द. चेहरा जवळून पाहिला तर त्याची बांधणी ध्यानात येते: नाक आणि भुवया मिळून एकच सलग रेषा, केसांच्या बटा दोन्ही बाजूंना तंतोतंत सारख्या, गालांवर तांबड्या रंगाचे ठिपके. वस्त्राच्या घड्या कापडासारख्या लोळत नाहीत, त्या कडक रेषांनी आखल्या आहेत. माणसासारखा माणूस काढायचा हेतूच इथे नव्हता. शेवटच्या दिवशी न्याय करायला येणारा प्रभू दाखवायचा होता, आणि त्या ताठरपणातूनच चित्राला जरब आली आहे. निळ्या रंगासाठी पिरेनीजमध्येच सापडणारे एरिनाइट हे खनिज वापरले आहे.

ख्रिस्ताच्या खालच्या ओळीत त्याची आई मरिया आणि प्रेषित, म्हणजे त्याचे प्रमुख शिष्य, आहेत. मरियेच्या हातातल्या पात्रातून किरण निघताना दिसतात. वरच्या कमानीत ख्रिस्ताचे प्रतीक असलेला सात डोळ्यांचा कोकरा आहे. बाजूला बायबलमधील कथेतला, श्रीमंताच्या दाराशी पडलेला भिकारी लाजर आणि त्याचे फोड चाटणारा कुत्रा रंगवला आहे. वाचता न येणाऱ्या मेंढपाळालाही हा प्रसंग कळत असणार.

आज मूळ चित्र ताऊलमध्ये नाही. १९०७ मध्ये वास्तुविशारद जुझेप पुच इ कादाफाल्क यांच्या नेतृत्वाखाली कातालान अभ्यासकांची मोहीम या खोऱ्यात आली आणि तेव्हापासून ही चित्रे विद्वानांना माहीत झाली. त्यांच्या मागोमाग व्यापारी आले. कातालोनियातल्याच मूर येथील चर्चच्या गाभाऱ्यातले चित्र विकले गेले आणि १९२१ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या संग्रहालयात पोहोचले. तसेच पुन्हा घडू नये म्हणून बार्सेलोनाच्या संग्रहालय मंडळाने उरलेली चित्रे विकत घेऊन उतरवून नेली. हे काम इटालियन कारागिरांनी केले. सरसात भिजवलेले कापड चित्रावर चिकटवायचे. सरस वाळून आकसला की कापडाबरोबर रंगाचा पातळ थर गिलाव्यापासून सुटतो. मग त्याची गुंडाळी करून ती खेचरांवरून डोंगराखाली न्यायची. हे चित्र आता बार्सेलोनातील कातालोनियाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात, गाभाऱ्याच्याच आकाराच्या चौकटीत बसवलेले आहे.

त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य करावे लागते. पण वेदीसाठी रंगवलेले चित्र वेदीपासून तुटले, ही हानी काही भरून येत नाही. चर्चमध्ये अनेक वर्षे चित्राची प्रतिकृती होती. भिंतीवर शिल्लक राहिलेले मूळ अंश स्वच्छ केल्यावर ती काढण्यात आली आणि २०१३ पासून प्रकाशझोतांनी संपूर्ण चित्र भिंतीवर उमटवले जाते. रेषा आधी, मग रंग, अशा क्रमाने ते दिसते. झोत मालवले की बायबलमधील काइन आणि हाबेल या भावांच्या प्रसंगासारखे मूळ तुकडे तेवढे उरतात. प्रतिकृतीपेक्षा हा उपाय अधिक प्रामाणिक आहे, कारण मूळ काय आणि नंतरचे काय हे पाहणाऱ्याला स्पष्ट समजते.

युनेस्कोने २००० साली बोई खोऱ्यातील नऊ चर्चना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत ताऊलची दोन्ही चर्च आहेत, तसेच एरिल ला वाल येथील सांता एउलालिया हेही आहे. ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवतानाचा तिथला लाकडी शिल्पसमूह १९०७ च्या त्याच मोहिमेत सापडला. त्यातील मरिया आणि ख्रिस्ताचा शिष्य योहान आता बार्सेलोनात आहेत, उरलेली पाच शिल्पे व्हिक शहराच्या संग्रहालयात आहेत आणि गावच्या चर्चमध्ये प्रतिकृती ठेवलेली आहे.