उभं इंजिन झुकझुक करत नाही

भाचीच्या वाढदिवसाला तुळशीबागेतून बॅटरीवर चालणारं आगगाडीचं इंजिन आणलं. काळं धुराडं, लाल चाकं, बटण दाबलं की झुकझुक. खेळणं सुरेख आहे. पण ते भिंतीला अडून थांबलं तरी झुकझुक चालूच राहते आणि चाकं हळू फिरली काय, जोरात फिरली काय, आवाजाची लय तीच. "हे चूक आहे, उभं इंजिन झुकझुक करत नाही," असं मी म्हटलं. तिनं लगेच विचारलं, "मग मामा, खरं इंजिन कधी करतं? आणि का करतं?"

या 'का'चं उत्तर मला वाफेच्या इंजिनातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पुण्यात जुन्या गाड्यांवर जीव असणारी माणसं कमी नाहीत. कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियममध्ये लहानांइतकेच मोठेही रमतात. पेशवे पार्कातल्या फुलराणीत १९५६ पासून पोरं बसत आली आहेत. दर १ जूनला पुणे स्टेशनवर डेक्कन क्वीनचा वाढदिवस साजरा होतो. (ही गाडी पूर्वी वाफेवर धावायची, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १९३० साली सुरू झाली तेव्हापासूनच तिला विजेचं इंजिन होतं, कारण घाटात तोवर वीज आली होती.) जगभर हेच वेड आहे. इंग्लंडमध्ये लोकांनी वर्गणी काढून 'टॉर्नेडो' नावाचं कोरं करकरीत वाफेचं इंजिन बांधलं आणि २००८ साली ते रुळांवर आणलं. आपल्याकडे १८५५ साली लीड्समध्ये घडवलेलं 'फेअरी क्वीन' जपलेलं आहे, दार्जिलिंगच्या डोंगरात वाफेची इंजिनं अजून चढतात. या सगळ्यांच्या आठवणीत पहिला येतो तो आवाज. आगगाडीची नक्कल करणारं पोर आधी चाकांसारखे हात फिरवतं आणि तोंडानं 'झुक झुक' म्हणतं.

आधी झुक मोजू या. नेहमीच्या वाफेच्या इंजिनाला दोन बाजूंना दोन सिलिंडर असतात. सायकलच्या पंपात असतो तसा प्रत्येकात एक दट्ट्या. वाफ त्याला एकदा पुढून ढकलते, एकदा मागून. प्रत्येक वेळी काम संपलेली वाफ धुराड्यातून बाहेर सोडावी लागते, आणि ती सुटताना होणारा आवाज म्हणजे झुक. म्हणजे चाकाच्या एका फेरीत एका सिलिंडरमधून दोनदा, दोन्ही मिळून चारदा. डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रँक (दट्ट्याच्या पुढेमागे हालचालीनं चाक फिरवणारे दांडे) एकमेकांशी काटकोनात बसवलेले असतात. एक दट्ट्या टोकाला पोचून अडला, तरी दुसरा नेमका मधोमध, पूर्ण जोरात असतो. म्हणून इंजिन कुठल्याही स्थितीत उभं राहिलं तरी पुन्हा सुटू शकतं. याच काटकोनामुळे ते चार उच्छ्वास सारख्या अंतरानं येतात. चाकाची एक फेरी, चार झुक.

आपल्याकडच्या डब्ल्यूपी जातीच्या, गोळीसारख्या नाकाच्या इंजिनाची मोठी चाकं सुमारे १.७ मीटर व्यासाची. परीघ ५.३ मीटर, म्हणजे दर १.३ मीटरला एक झुक. गाडी माणसाच्या चालीनं निघाली की सेकंदाला एखादा झुक ऐकू येतो. ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला बारा-तेरा होतात आणि मोजणं सुटतं. ३ जुलै १९३८ रोजी इंग्लंडच्या 'मॅलार्ड' इंजिनानं ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठला. आजवर वाफेच्या कुठल्याही इंजिनाचा एवढा वेग मान्य झालेला नाही. त्याला तीन सिलिंडर होते, म्हणजे फेरीला सहा झुक. चाकं २.०३ मीटरची. हिशेब केला तर त्या क्षणी सेकंदाला ५३ झुक पडत होते. तेवढ्या वेगानं आलेले ठोके कानाला सुटे कळत नाहीत, त्यांचा एक खोल घुमणारा सूर होतो.

आता मुख्य प्रश्न. ही वापरलेली वाफ बाहेरच सोडायची तर खाली रुळांवर का सोडत नाहीत? धुराड्यातूनच का?

चूल आठवा. लाकडं पेटत नसली की आजी फुंकणी घ्यायची, लोहार भाता चालवायचा. जाळ हवेवर जगतो. कारखान्यातल्या बॉयलरला हवा ओढायला उंचच उंच धुराडं बांधता येतं, पण गाडीला बोगद्यातून आणि पुलाखालून जायचं असतं, तिचं धुराडं बुटकंच. मग एवढ्या प्रचंड आगीला हवा घालायची कशी? रिचर्ड ट्रेव्हिथिकनं १८०४ साली वेल्समध्ये रुळांवर पहिलं वाफेचं इंजिन चालवलं, तेव्हा वापरलेली वाफ धुराड्यात सोडली होती. त्यानं आग जास्त भडकते, हे त्याच्या लक्षात आलं.

इंजिनाच्या पुढच्या गोल पेटाऱ्यात, बरोबर धुराड्याखाली, एक तोटी वर तोंड करून उभी असते. सिलिंडरमधली वाफ तिच्यातून जोरात वर उसळते. जाताना भोवतालचा धूर ती आपल्याबरोबर ओढून नेते. पेटाऱ्यातला दाब थोडा उतरतो. पेटारा शेकडो नळ्यांनी मागच्या आगपेटीला, म्हणजे कोळसा जळतो त्या कप्प्याला, जोडलेला असतो. तेव्हा बाहेरची हवा आगपेटीच्या तळातल्या जाळीतून आत घुसते, कोळशातून जाते, तापलेला वायू नळ्यांमधून पुढे धावतो आणि वाटेत पाण्याला उष्णता देतो. दाब किती उतरतो? दहा-पंधरा सेंटिमीटर पाणी वर चढेल एवढाच, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एक-दीड टक्का. उसाच्या रसाच्या ग्लासात नळी घालून आपण जेवढी ओढ लावतो, तेवढीच. एवढ्या ओढीवर शेकडो टनांची गाडी चालते.

वाफ धूर ओढते कशी, याचं उत्तर बरेचदा 'वेग वाढला की दाब कमी होतो' एवढ्यावर उरकलं जातं. ते अपुरं आहे. खरं काम संवेगाचं, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग याचं आहे. वेगवान झोताच्या कडेचे रेणू शेजारच्या संथ धुराच्या रेणूंवर आपटतात आणि आपला संवेग त्यांना वाटतात. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या शेगडीत हेच रोज घडतं. बारीक छिद्रातून सुटणारा गॅस बाजूची हवा स्वतःबरोबर बर्नरमध्ये ओढतो, म्हणून ज्योत निळी जळते.

इथे थोडं गणित करतो, कारण सगळी गंमत त्यात आहे. सोपं व्हावं म्हणून धरा, १ किलो वाफ सेकंदाला २०० मीटर वेगानं आली आणि तिला १ किलो स्थिर धूर भेटला. संवेग तेवढाच राहतो, म्हणून मिश्रणाचा वेग १०० मीटर. पण गतिज ऊर्जा? आधी २०,००० जूल होती, नंतर १०,००० उरली. निम्मी ऊर्जा भोवऱ्यांत आणि उष्णतेत गेली. मिसळण्याची ही किंमत टळत नाही. जे टाळता येतं ते वेगळंच. झोत एकच आणि जाड असेल तर फक्त त्याची कड धुराला भिडते. गाभा तसाच, कुणाला काही न देता, धुराड्याबाहेर निघून जातो. मग पुरेशी ओढ मिळवायला तोटी अरुंद करून वाफेचा वेग वाढवावा लागतो. तोटी अरुंद केली की मागे वाफ तुंबते, ती परत फिरणाऱ्या दट्ट्याला विरोध करते आणि इंजिनाची शक्ती स्वतःचाच श्वास सोडण्यात खर्च होते.

उपाय भूमितीत सापडला. त्याच क्षेत्रफळाच्या एका झोताऐवजी चार झोत केले तर प्रत्येकाची त्रिज्या निम्मी, पण चौघांचा मिळून परीघ दुप्पट. धुराला भिडणारी कड दुप्पट झाली, क्षेत्रफळ तेवढंच. फिनलंडच्या क्यूलेला आणि फ्रान्सच्या आंद्रे शापलाँ यांच्या नावांवरून 'किलशाप' म्हणून ओळखली जाणारी धुराड्याची रचना याच तत्त्वावर आहे. मॅलार्डला अशी दुहेरी जोडणी होती आणि त्याच्या विक्रमात त्या मोकळ्या श्वासाचा मोठा वाटा होता. शापलाँनं जुन्या फ्रेंच इंजिनांचे वाफेचे मार्ग रुंद केले, धुराडं बदललं आणि तीच इंजिनं कितीतरी जास्त शक्ती देऊ लागली. माझ्या मते हा माणूस वॉटच्या पंक्तीत बसवण्याजोगा आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचं नावही नसतं.

अति केलं की काय होतं, तेही इतिहासात आहे. १८२९ च्या ऑक्टोबरात रेनहिल इथे इंजिनांची स्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या स्टीव्हन्सनच्या 'रॉकेट'मध्ये २५ तांब्याच्या नळ्या आणि हा झोत, दोन्ही एकत्र आले होते. हॅकवर्थच्या 'साँ पारेल'चा झोत मात्र इतका कडक होता, की न जळालेला कोकच (कोळशापासून केलेलं इंधन) धुराड्यातून बाहेर उडत होता.

आता या रचनेतली जादू. चढ लागला की ड्रायव्हर जास्त वाफ सोडतो. सिलिंडरमधून बाहेर पडणारी वाफही जास्त आणि जास्त दाबाची. झुक मोठा होतो, ओढ वाढते, आग भडकते, पाणी जास्त उकळतं, नेमकी तेव्हाच जेव्हा जास्त वाफ हवी असते. उतारावर वाफ बंद, ओढ बंद, आग शांत. आगीला हवा किती घालायची हे सांगणारं वेगळं यंत्र नाही, तारा नाहीत. खंडाळ्याच्या घाटात ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. १८६३ पासून वाफेच्या इंजिनांनी तो चढला, तेव्हा दरीत घुमणारा प्रत्येक झुक म्हणजे पुढच्या वाफेची तयारी होती. लोहारानं एका हातानं घण मारावा आणि त्याच घावानं भाता हलावा, तसं.

या कौतुकाच्या भरात एक गैरसमज मात्र वाढायला नको. 'जुनी इंजिनं पाण्यावर चालायची, मग आज गाडी पाण्यावर का चालू नये' अशा अर्थाचे व्हिडिओ फोनवर सारखे फिरतात. कुणीतरी स्कूटरच्या टाकीत पाणी ओततो आणि लोक टाळ्या वाजवतात. पाणी हे इंधन नाही. ते जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे, आणि राख पुन्हा पेटत नाही. वाफेच्या इंजिनात ऊर्जा कोळशाची होती, पाणी फक्त तिचं हमालपण करत होतं. आणि त्या कोळशातल्या ऊर्जेपैकी शंभरातले जेमतेम सहा-सात भाग गाडी ओढण्यात लागायचे. फायरमन मात्र उकाड्यात टनांनी कोळसा फावड्यानं टाकायचा. आठवणी काढताना त्याची पाठ विसरू नये.

मग उभं इंजिन काय करतं? झोत नाही, तर ओढ नाही, आणि आगीचा धूर ड्रायव्हरच्या अंगावर यायचा. म्हणून धुराड्याच्या तळाशी एक कडं असतं, त्यातून बॉयलरमधली ताजी वाफ सोडतात. त्याला ब्लोअर म्हणतात आणि त्याचा आवाज 'सूंऽऽ' असा अखंड असतो. बोगद्यात वाफ बंद करण्याआधी ब्लोअर उघडायचा, हा ड्रायव्हर-फायरमनचा पक्का नियम. चुकलं तर जाळ आगपेटीच्या दारातून उलटा बाहेर येतो. लहानपणी दौंडला गाडी थांबली की इंजिन बघायला मी वडिलांचा हात धरून फलाटाच्या टोकापर्यंत जायचो. तिथे हेच 'सूं' ऐकू यायचं. तेव्हा ते इंजिनाचं घोरणं वाटायचं.

झुकझुक म्हणजे हा श्वास, याचा पुरावा हवा असेल तर आगबोटीकडे बघा. आगगाडी आणि आगबोट, नावं जुळी, पण बोट झुकझुक करत नाही. समुद्राचं खारं पाणी उकळलं तर बॉयलरमध्ये मिठाचे थर साचतात, म्हणून बोटीत वापरलेली वाफ गार करून तेच गोडं पाणी पुन्हा वापरतात. धुराड्यात सोडायला वाफ उरतच नाही. हवा ओढायचं काम उंच धुराडी आणि पंखे करतात. स्कॉटलंडची 'वेव्हर्ली' ही चाकांची बोट १९४७ पासून आहे. तिच्या इंजिनाशेजारी उभं राहून प्रवासी ते बघू शकतात, आणि ते किती मऊ चालतं याचंच नवल करतात. याहून पक्का पुरावा दक्षिण आफ्रिकेचा. १९५० च्या दशकात तिथल्या कारू वाळवंटासाठी पाणी वाचवणारी इंजिनं आणली. वाफ टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, गार व्हायची, आगीला हवा एक पंखा द्यायचा. ती इंजिनं झुकझुक करत नसत, पंख्याची शीळ घालत धावत.

आवाजातून वेग कळतो तो फक्त आगगाडीचाच नाही, ट्रामचाही. ट्राम पुण्यात कधी आली नाही, आणि मुंबईची शेवटची ३१ मार्च १९६४ ला धावली. जुन्या ट्रामचा चढत जाणारा 'वूंऽऽ' हाही वेगाचाच हिशेब असतो. सरळ दात्यांचे गिअर एकमेकांवर आपटतात आणि सेकंदाला जितके दाते भिडतात तितका सूर चढतो. जुन्या मोटारींतही हेच. आजच्या बऱ्याच गाड्यांत रिव्हर्स टाकला की ऐकू येणारी ती बारीक कण्हण सरळ दात्यांचीच. बाकीचे गिअर तिरप्या दात्यांचे झाले आणि आवाज गेला.

भाचीला हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. दार्जिलिंगच्या गाडीचा व्हिडिओ लावला. तिथल्या जुन्या बी जातीच्या इंजिनाची चाकं २६ इंचांची, म्हणजे सुमारे ६६ सेंटिमीटर. एका फेरीत २.०७ मीटर, एका झुकला साधारण अर्धा मीटर. यातून एक सोपी युक्ती निघते. एका सेकंदातले झुक मोजा आणि दुप्पट करा, ताशी किती किलोमीटर ते जवळजवळ मिळतं. मी घड्याळ धरलं. तिनं डोळे मिटून, बोटं मोडत, दहा सेकंदांत ५८ मोजले.

"म्हणजे बारा!" ती म्हणाली. मग तिनं आपलं खेळणं उचललं, उलटं केलं आणि आवाजाचं बटण शोधायला लागली.