धर्मशिक्षण फक्त मुलांचं कधीपासून झालं? गोवा, वसई आणि नगरकडची पार्श्वभूमी

हल्ली बहुतेक कॅथलिक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समाजात, मोठ्यांसाठी काही ना काही चालू असतं, बायबलचा अभ्यासवर्ग, लग्नाआधीचा कोर्स, पालकांचं शिबिर, शिक्षकांचं ट्रेनिंग, आणि दरवेळी नोटीस लागली की कुणीतरी विचारतंच की हे आता नवीन काय, धर्मशिक्षण तर आपलं लहानपणीच झालं ना, दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, झालं म्हणजे संपलं. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की एकदा नीट मागे जाऊन सगळं लिहून काढावं असं वाटलं. कारण आपल्या भागाचा इतिहास बघितला तर गोष्ट उलटी दिसते. सुरुवातीला मोठी माणसं पण यात होती, ती मधल्या काळात बाहेर पडली आणि आता त्यांना परत आत बोलवायचं काम चाललंय.

सुरुवात गोव्यातून करावी लागते. ६ मे १५४२ ला फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले, आणि त्यांची घंटेची गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना पण माहीत असते, हातात घंटा घेऊन रस्त्यातून फिरायचे, मुलं आणि घरकामाची माणसं, गुलाम सगळे मागून यायचे, मग चर्चमध्ये नेऊन प्रार्थना, दहा आज्ञा, विश्वासांगीकार (श्रद्धेच्या कबुलीची प्रार्थना) असं सगळं चालीवर म्हणून घ्यायचे. चालीवर म्हणून घेण्यात फार मोठी समज होती, कारण मुलं तेच गात घरी जायची आणि घरच्यांच्या कानावर ते आपोआप पडायचं. लिहिता वाचता येत नसलेल्या माणसापर्यंत पोचायचा तोच रस्ता होता. १५५६ ला गोव्यात छापखाना आला आणि त्यावर अगदी सुरुवातीला जे छापलं गेलं त्यात झेवियर यांची धर्मशिक्षणाची छोटी पुस्तिका होती, १५५७ साली. म्हणजे भारतातल्या छपाईची सुरुवातच धर्मशिक्षणाशी बांधलेली आहे. पण ती पुस्तिका पोर्तुगीज भाषेत होती, आणि पाठ म्हणणाऱ्या माणसाला शब्द आले तरी अर्थ किती पोचला हा प्रश्न उरतोच.

त्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हे इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू, १५७९ ला गोव्यात आले आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, इथेच राहिले, बराचसा काळ दक्षिण गोव्यातल्या साष्टीत. ख्रिस्तपुराण त्यांनी लिहिलं हे आपण शाळेत एका ओळीत वाचतो आणि मराठी भाषेचं कौतुक केलेल्या ओव्या तेवढ्या लक्षात राहतात, पण हे पुराण लिहिलं कशासाठी गेलं याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पुराणाच्या सुरुवातीच्याच भागात एक प्रसंग आहे. रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असताना एक जण पुढे येऊन पाद्रींना विचारतो की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही, म्हणजे मन रमेल असं काहीतरी वाचायला-ऐकायला हवं ना. विचारणारा मोठा माणूस आहे, शिकलेला आहे, आधीच्या परंपरेत वाढलेला आहे. त्याला प्रश्नोत्तरांची पाठांतराची पुस्तिका पुरत नाहीये. आणि स्टीफन्स यांनी त्याला गप्प बसवलं नाही, त्याच्या मागणीचं उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या, पैलें पुराण म्हणजे जुना करार आणि दुसरें पुराण म्हणजे येशूचं चरित्र.

१६१६ ला ते साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत, कारण आपल्या लिपीचे खिळे तिथे नव्हते. मग १६४९ आणि १६५४ ला परत छापलं. तीन आवृत्त्या निघाल्या म्हणजे वापर होता, लोक चर्चमध्ये आणि घरी एकत्र बसून ऐकत होते. त्याच स्टीफन्स यांनी कोकणीत प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षणाची पुस्तिका पण केली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ ला छापली. मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते, मुलांसाठी छोटी पुस्तिका आणि मोठ्यांसाठी पुराण, एकाच माणसाने दोन्ही गरजा ओळखल्या होत्या. त्यांच्या मागून फादर एतिएन द ला क्र्वा यांनी संत पीटरवर पुराण लिहिलं, तेही याच वाटेने.

मग हे थांबलं. १६८४ ला गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीजच बोलायची. एका फर्मानाने घरातली भाषा बदलत नसते, पण लिहिणं-छापणं मात्र त्याने सुकलं. ख्रिस्तपुराणाच्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज आपल्याकडे नाही. हस्तलिखितं राहिली, ती मंगळूरकडच्या कुटुंबांनी जपली म्हणून १९०७ ला मंगळूरला नवी आवृत्ती निघू शकली, आणि देवनागरीत तर ते थेट १९५६ ला आलं, शांताराम बंडेलू यांच्या संपादनात. मराठी माणसासाठी लिहिलेला ग्रंथ मराठी माणसाला त्याच्या लिपीत मिळायला ३४० वर्षं लागली, हे मला अजूनही लागतं.

वसईचं वेगळं झालं. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली, फ्रान्सिस्कन आणि जेझुइट संघांचे धर्मगुरू आले, चर्च उभी राहिली, आणि १५५७ च्या सुमारास इथेच जन्मलेला गोन्सालो गार्सिया पुढे १५९७ ला नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाला, १८६२ ला संत म्हणून जाहीर झाला. म्हणजे पहिल्या दोन पिढ्यांतच इथे श्रद्धा किती खोल गेली होती बघा. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि युरोपियन मिशनरी गेले. उरले ते गोव्याकडून येणारे मोजके धर्मगुरू आणि लोक. त्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत इथलं धर्मशिक्षण कुणी सांभाळलं याचं उत्तर कागदापेक्षा घरात शोधावं लागतं. दिवेलागणीची रोझरी (जपमाळेची प्रार्थना), आजीने म्हणून घेतलेल्या प्रार्थना, उपवासाचे दिवस, सण. सामवेदी समाज असो, वाडवळ असो, भाषा घरची आणि प्रार्थनेचे कितीतरी शब्द पोर्तुगीज नाहीतर लॅटिन. श्रद्धा टिकली ती या घरांमुळे टिकली हे मी कुणासमोरही ठामपणे म्हणेन. पण समजून घेण्याची बाजू लंगडी राहिली हेही तितकंच खरं, कारण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये आणि बायबल घरात नाही. प्रॉटेस्टंट मिशननी १९व्या शतकाच्या सुरुवातीलाच मराठी नवा करार छापून लोकांच्या हातात दिला होता, आपल्याकडे तशी सवयच लागली नाही.

याच काळात तिकडे नगर जिल्ह्यात अगदी वेगळी गोष्ट चालली होती आणि वसईकरांना ती सहसा माहीत नसते. १९व्या शतकाच्या शेवटी जर्मन आणि स्विस जेझुइट संगमनेर, केंदळ, वळण, राहाता या भागात गेले. तिथे ख्रिस्ती झालेली माणसं बहुतेक दलित कुटुंबांतली, गावकुसाबाहेरची, मोठ्या वयात श्रद्धा स्वीकारलेली. फादर एकटे आणि गावं पुष्कळ, घोड्यावरून नाहीतर बैलगाडीने महिन्यातून कधीतरी पोचणार. मग रोजचं काम कुणी करायचं? मास्तरांनी. दिवसा तोच मास्तर मुलांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावणार, संध्याकाळी शेतातून आलेल्या बायाबापड्यांना कंदिलाच्या उजेडात प्रार्थना शिकवणार, कुणी आजारी असेल तर जाऊन बसणार, रविवारी फादर नसतील तर लोकांना एकत्र करून प्रार्थना घेणार, आणि बाप्तिस्म्यासाठी कोण तयार आहे ते फादरना सांगणार. त्या भागातल्या कितीतरी घरांत अक्षरओळख आणि धर्मशिक्षण एकाच माणसाच्या हातून आलं. १९०३ ला केंदळहून फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' मासिक सुरू केलं, साध्या मराठीत, गावच्या माणसाला समजेल असं. हेच डोरिंग पुढे १९०७ ला पुण्याचे बिशप झाले. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने जर्मन मिशनऱ्यांना नजरकैदेत टाकलं, नंतर परत पाठवलं, आणि तेव्हा गावातलं धर्मशिक्षण उभं राहिलं ते या मास्तरांच्या आणि इथल्या धर्मगुरूंच्या जिवावर. आज ज्याला आपण ले लीडरशिप, म्हणजे धर्मगुरू नसलेल्यांचं नेतृत्व, म्हणतो आणि ज्याच्यावर सेमिनार घेतो ते या मास्तरांनी कुठल्याही सर्टिफिकेटशिवाय करून दाखवलेलं आहे.

आता मूळ प्रश्न, मग हे सगळं फक्त मुलांचं कसं झालं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६६ ला मोठी रोमन धर्मशिक्षण पुस्तिका निघाली ती धर्मगुरूंसाठी होती, त्यांनी ती वाचून लोकांना समजवायचं. लोकांच्या हातात मात्र छोट्या प्रश्नोत्तरी आल्या, आणि प्रश्नोत्तर म्हटलं की पाठांतर आणि पाठांतर म्हटलं की मुलं, असं हळूहळू होत गेलं. १५ एप्रिल १९०५ ला पोप दहावे पायस यांनी एक पत्रक काढलं, त्यात प्रत्येक पॅरिशमध्ये धर्मशिक्षणाची संघटना असलीच पाहिजे आणि रविवारी आणि सणाच्या दिवशी मुलांना एक तास शिकवलंच पाहिजे असा नियम केला. आपला रविवारचा वर्ग जगभर पक्का झाला तो या पत्रकामुळे. पण त्याच पत्रकात मोठ्यांसाठीही वेगळं शिक्षण घ्यायला सांगितलंय, विश्वासांगीकार, संस्कार, आज्ञा, प्रभूची प्रार्थना असं सगळं चार-पाच वर्षांत पूर्ण होईल असं. मुलांचा तास सगळीकडे रुजला, मोठ्यांचा बहुतेक ठिकाणी प्रवचनातच मिसळून गेला. त्यात १९१० ला त्याच पोपनी प्रथम कम्युनियनचं, म्हणजे मिस्सेत पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचं, वय साधारण सातवर आणलं, ते फार चांगलं झालं, मुलांना लवकर संस्कार मिळाले, फक्त त्यामुळे घराघरात सगळा जोर त्या एका दिवसाच्या तयारीवर गेला, पांढरा फ्रॉक, फोटो, जेवण, आणि धर्मशिक्षण म्हणजे या दिवसाची तयारी असं समीकरण होऊन बसलं.

खरा बदल जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आणला, १९६२ ते ६५. मिस्सा लोकांच्या भाषेत आली. मराठीत मिस्सा म्हणजे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा वाचनं समजून ऐकली, आणि समजल्यावर माणूस प्रश्न विचारतो, त्यामुळे अभ्यासवर्गाची गरज आपोआप पुढे आली. परिषदेने बायबल सगळ्यांसाठी उघडं असलं पाहिजे असं सांगितलं, मोठ्या वयात येणाऱ्यांसाठी जुन्या काळातली टप्प्याटप्प्याची तयारी परत सुरू करायला सांगितली, तिचा विधी १९७२ ला आला. भारतात १९६७ ला बेंगळुरूला राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं, फादर अमलोर्पवदास यांनी, बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना तिन्ही एकत्र घेऊन, आणि देशभरातले धर्मगुरू, सिस्टर, प्रापंचिक तिथे शिकून आपापल्या गावी परतले. १९७१ ला रोमहून जी मार्गदर्शिका आली तिच्यात स्पष्ट लिहिलंय की मोठ्यांचं धर्मशिक्षण हेच धर्मशिक्षणाचं प्रमुख रूप आहे, आणि १९७९ ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी तेच परत सांगितलं. म्हणजे ही आत्ताची फॅशन नाही, ५० वर्षांहून जास्त काळ चर्च हेच सांगत आलंय.

आपल्याकडे मुंबई धर्मप्रांतात १९८० च्या दशकात छोटे ख्रिस्ती समूह सुरू झाले, वाडीवाडीत, बिल्डिंगमध्ये, कुणाच्या तरी घरी दहापंधरा कुटुंबं बसून बायबलचा उतारा वाचणार आणि त्यावर बोलणार. २२ मे १९९८ ला वसई धर्मप्रांत वेगळा झाला आणि पहिले बिशप झाले थॉमस डाबरे, ज्यांनी डॉक्टरेट केली ती तुकारामांच्या ईश्वरानुभवावर. मराठीतून श्रद्धेचा विचार करणारं नेतृत्व मिळणं हे वसईसाठी साधं नव्हतं. 'सुवार्ता' मासिकाने घराघरात वाचायची सवय लावली आणि ज्यांनी त्याचं संपादन वर्षानुवर्षं केलं त्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल २०१० ला आलं, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. माझ्या ओळखीत कितीतरी घरं आहेत जिथे आईवडलांनी बायबल सलग वाचलं ते या पुस्तकामुळेच वाचलं. गिरीजच्या जीवन दर्शन केंद्रात शिबिरं, अभ्यासवर्ग होत असतात.

आणि अलीकडचं म्हणजे १० मे २०२१ ला पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाची सेवा ही चर्चमधली रीतसर सेवा म्हणून स्थापन केली, बाया-पुरुष दोघांसाठी, बिशपांच्या हातून विधीपूर्वक मिळणारी. केंदळकडच्या त्या मास्तरांना असं काही मिळालं नव्हतं, त्यांच्या नातवंडांना मिळू शकतं.

आता पॅरिशसमोर अडचण आहे ती वेळेची आणि माणसांची. रविवारचे वर्ग चालवणाऱ्या बहुतेक आपल्याच बायका, काही कॉलेजची मुलं, आठवडाभर नोकरी करून रविवारी सकाळी पन्नास पोरांना सांभाळणाऱ्या, आणि त्यांना स्वतःला शिकायला मिळतं ते वर्षातून एखाद्या ट्रेनिंगमध्ये. मोठ्यांचं म्हणाल तर पहाटेची विरार लोकल पकडून रात्री नऊला घरी येणारा माणूस बुधवारी संध्याकाळी सहाच्या बायबल क्लासला येणारच नाही, कितीही मनात असलं तरी. लॉकडाऊनमध्ये वर्ग मोबाईलवर आले तेव्हा एरवी कधीच न दिसणारे बापलोक मुलाच्या शेजारी बसून ऐकायला लागले होते. म्हणून माझं मत असं की कोर्स आखताना पुस्तक कुठलं, वक्ता कोण यावर आधी चर्चा करण्यापेक्षा आपल्या पॅरिशमधली माणसं कधी मोकळी असतात ते घरोघर जाऊन विचारावं, मुलांच्या वर्गाच्याच वेळी बाहेर गाडीवर बसून वाट बघणाऱ्या पालकांसाठी शेजारच्या खोलीत एक तास ठेवावा, आणि तो मराठीत ठेवावा.