पिक्सेल-अंतर आणि पिक्सेल-घनता

स्मार्टफोनच्या पडद्यावर एका पिक्सेलच्या केंद्रापासून लगतच्या पिक्सेलच्या केंद्रापर्यंत जेवढी लांबी असते तिला पिक्सेल-अंतर किंवा पिच म्हणतात. एका इंचात बसणाऱ्या पिक्सेलांची संख्या म्हणजे पिक्सेल-घनता. ती पीपीआयमध्ये (पिक्सेल्स पर इंच) सांगतात. अंतर मिलिमीटरमध्ये असल्यास २५.४ ला आणि मायक्रॉनमध्ये असल्यास २५,४०० ला त्या अंतराने भागले की घनता मिळते. धुळे, जळगाव, अमळनेर येथील कापडगिरण्यांत इंचातले धागे मोजून कापडाचा दाटपणा ठरवीत, तसाच हा हिशोब आहे.

१९५९ पासून इंच नेमका २५.४ मिमी. धरला जातो. त्यामुळे चूक शिरते ती अंतर मोजताना. नाते व्यस्त असल्याने दाट पडद्यावर ती अधिक भोवते : ७८ मायक्रॉनच्या आसपास एक मायक्रॉन चुकला तर घनता सुमारे ४ ने बदलते, ५० च्या आसपास सुमारे १० ने.

घनता पडद्याच्या कर्णावरून, म्हणजे कर्णावरच्या पिक्सेलांच्या संख्येला कर्णाच्या इंचांनी भागून, काढण्याचा प्रघात जास्त रूढ आहे, पण तो तितकासा भरवशाचा नाही. आयफोन ४ (२०१०) चा पडदा ९६० × ६४० पिक्सेलांचा व ३.५ इंची म्हणून जाहीर झाला होता. कर्णावरून त्याची घनता जवळपास ३३० येते; कंपनीने मात्र ३२६ सांगितली. पिक्सेलची रुंदीही ७८ मायक्रॉन दिली होती आणि तिच्यावरून ३२६ हाच आकडा निघतो. कर्णाचा आकडा पूर्णांकित केल्याने ही तफावत पडली असावी.

अमोलेड (स्वयंप्रकाशी पिक्सेलांच्या) पडद्यांबाबत घनतेचा अर्थच वादाचा आहे. त्यांतल्या पेनटाइल नावाच्या रचनेत दर पिक्सेलला हिरवा उपपिक्सेल (पिक्सेलचा एकाच रंगाचा भाग) असतो. लाल व निळे मात्र निम्मेच. ६.६७ इंची, १०८० × २४०० पिक्सेलांच्या पडद्याची घनता ३९५ व पिच सुमारे ६४ मायक्रॉन येते. पण फक्त लाल उपपिक्सेल धरले तर क्षेत्रफळातली संख्या निम्मी होते, म्हणून तुल्य घनता ३९५ भागिले √२, म्हणजे सुमारे २७९ उरते. उत्पादक पहिला आकडा छापतात. अक्षरांच्या कडांच्या दृष्टीने तो अगदीच गैरलागू नाही, कारण उजळपणातील बारकावा डोळा मुख्यतः हिरव्यातून टिपतो.

डोळ्याला पुरेशी घनता किती, यावर मतभेद आहेत. १० ते १२ इंचांवरून पाहताना सुमारे ३०० पुरते, असे स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन ४ च्या वेळी म्हटले होते. पडदे तपासणारे तज्ज्ञ रेमंड सोनीरा यांनी १२ इंचांसाठी ४७७ चा आकडा मांडला. पहिला आकडा एका कलेच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) दृष्टिक्षमतेशी जुळतो, दुसरा ०.६ कलेच्या. सर्वसाधारण वाचकासाठी पहिला अधिक व्यवहार्य वाटतो. जोडाक्षरे बारीक टंकात वाचताना दुसऱ्याकडे थोडे झुकावे लागते.

खानदेशात या रूपांतराचा उपयोग मुख्यतः दुरुस्तीच्या दुकानांत संभवतो. बदलून बसवलेला ‘कॉपी’ (नकली) फोल्डर, म्हणजे काचेसह जोडलेला पडदा, कधी मूळ पडद्यापेक्षा कमी पिक्सेलांचा असतो, आणि फोनच्या सेटिंगमधला आकडा त्याची खात्री देत नाही. फोनच्या सर्किट-बोर्डाच्या कामासाठी ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजपट्टी धरून ५ मिमी. लांबीत पिक्सेल मोजावेत व संख्येला ५.०८ ने गुणावे. पेनटाइल पडद्यावर हिरवे ठिपके तेवढे मोजायचे, तेही पडद्याच्या कडेला समांतर; तिरप्या ओळीत गणित चुकते.