स्ट्रट्स २: अ‍ॅक्शनमध्ये काय, इंटरसेप्टरमध्ये काय

तुमचे अ‍ॅप्लिकेशन स्ट्रट्स २ वर (जावामधल्या वेब फ्रेमवर्कवर) असेल आणि तुमचे डेव्हलपरही त्यात बदल करत असतील, तर हे माहितीपत्रक त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा.

अ‍ॅक्शनचा (रिक्वेस्टचे काम करणाऱ्या क्लासचा) ऑब्जेक्ट दर रिक्वेस्टला नवा बनतो. फॉर्ममधली मूल्ये त्याच्या फील्डमध्ये खुशाल ठेवा. इंटरसेप्टर (अ‍ॅक्शनच्या आधी आणि नंतर चालणारा क्लास) मात्र कॉन्फिगरेशन वाचताना तयार होतो आणि पुढे सगळ्या युजरच्या रिक्वेस्ट त्याच ऑब्जेक्टमधून जातात. त्याच्या फील्डमध्ये युजरचे नाव ठेवले, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या पानावर दिसू शकते. टेस्टिंगला एकच माणूस बसलेला असतो, त्यामुळे हा दोष तिथे सहसा सापडत नाही. गर्दीच्या वेळी उघड होतो. अशी मूल्ये लोकल व्हेरिएबलमध्येच ठेवा. एक्सएमएलमधून एकदाच येणारी सेटिंग फील्डमध्ये चालते.

अ‍ॅक्शन स्प्रिंगचे (ऑब्जेक्ट तयार करून देणाऱ्या जावा फ्रेमवर्कचे) बीन म्हणून नोंदवली असेल तर स्कोप प्रोटोटाइप (दर वेळी नवा ऑब्जेक्ट) लिहाच. स्प्रिंगचा डिफॉल्ट सिंगलटन (सगळ्यांना एकच ऑब्जेक्ट) आहे, म्हणजे वरचाच घोटाळा अ‍ॅक्शनमध्ये होतो.

अ‍ॅक्शनखाली स्वतःचा इंटरसेप्टर जोडला की डिफॉल्ट स्टॅक (स्ट्रट्सच्या तयार इंटरसेप्टरची यादी) आपोआप लागू होत नाही. मग सेटर (फील्डमध्ये मूल्य भरणाऱ्या मेथड) चालत नाहीत, सगळी फील्ड नल येतात आणि डेव्हलपर दिवसभर जेएसपी (पानाची फाइल) तपासत बसतो. आधी तुमचा इंटरसेप्टर (समजा, लॉगिन तपासणी), त्याच्याखाली डिफॉल्टस्टॅक, असा क्रम लिहा; इंटरसेप्टर वरून खाली चालतात.

पण लॉगिन तपासणी वर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अपलोडची मल्टिपार्ट रिक्वेस्ट इंटरसेप्टरच्या आधीच पार्स होते (वाचून सुटी केली जाते). २०१७ मधली स्ट्रट्सची एस२-०४५ ही सुरक्षा त्रुटी त्याच पार्सरमध्ये होती, म्हणून लॉगिनशिवायही हल्ला करता येत असे. ती २.३.३२ आणि २.५.१०.१ मध्ये दुरुस्त झाली. अशा त्रुटींवर खरा उपाय आवृत्ती वाढवणे हाच.

इंटरसेप्टरमधून बोलावलेली इन्व्होक मेथड (जी पुढचे इंटरसेप्टर आणि अ‍ॅक्शन चालवते) परत येईपर्यंत रिझल्टचे पान तयार झालेले असते. त्यानंतर दुसरी रिझल्ट स्ट्रिंग परत केली तरी पान बदलत नाही. बदल करायचा तर प्रीरिझल्टलिसनर (पान तयार होण्याआधी चालणारा कोड) वापरा.

व्हॅलिडेशन फसले की ‘इनपुट’ रिझल्ट शोधला जातो. तो लिहिलेला नसेल तर युजरला चुकीचे फील्ड कळण्याऐवजी एररचे पान दिसते.

आवृत्ती ७ वर जाताना फॉर्ममधून मूल्य घेणाऱ्या प्रत्येक सेटरवर स्ट्रट्सपॅरामीटर अ‍ॅनोटेशन द्या. मॉडेलमधल्या आतल्या फील्डसाठी ते गेटरवर (मूल्य परत देणाऱ्या मेथडवर) लागते आणि डेप्थही (किती पातळ्या आत जायचे ते) लिहावी लागते.