अक्रोडकाम, काश्मिरी

अक्रोडाच्या लाकडापासून फर्निचर, घडीचे पडदे, पेट्या, तबके आणि घराच्या अंतर्भागातील सजावटीचे सामान घडवून त्यावर कोरीव काम करण्याची काश्मीर खोऱ्यातील कारागिरी. ती मुख्यतः श्रीनगरच्या जुन्या शहरात चालते. तिच्यासाठी जुग्लान्स रीजिया या जातीच्या वृक्षाचे लाकूड वापरतात. मुंबई-पुण्याकडे ‘अमेरिकन वॉलनट’ म्हणून मिळणारी फळी वा व्हेनीर (लाकडाचा पातळ पापुद्रा) जुग्लान्स नायग्रा या उत्तर अमेरिकी जातीचे असते. ते रंगाने अधिक गडद, चॉकलेटी असून काश्मिरी कामात येत नाही.

काश्मिरात अक्रोड लावला जातो तो फळासाठी. लाकूड हे दुय्यम उत्पन्न. या व्यवसायातील बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे. फळ देणारे झाड मालक सहसा तोडत नाही, आणि १९६९ च्या विशिष्ट वृक्ष संरक्षण अधिनियमाने परवानगीशिवाय अक्रोड तोडण्यावर बंधन आले. त्यामुळे बाजारात येणारे लाकूड प्रामुख्याने म्हाताऱ्या, फळ कमी झालेल्या वा उन्मळून पडलेल्या झाडांचे असते. हल्ली लावली जाणारी कलमी झाडे बुटकी आणि बुंध्यापासूनच फांद्या फुटणारी असल्याने त्यांच्यापासून मोठ्या फळ्या निघण्याची शक्यता कमी. कोरीव कामासाठी झाड तीनशे वर्षांचे असावे लागते असे विक्रेते सांगतात, ते अतिशयोक्त मानावे. युरोपात लाकडासाठी लावलेला अक्रोड साधारणपणे ५० ते ७० वर्षांत तोडणीयोग्य धरतात.

लाकडाचे स्वरूप : हवेत सुकलेल्या लाकडाची घनता दर घनमीटरला सुमारे ६४० किग्रॅ., म्हणजे सागाच्या आसपास आणि शिसवीपेक्षा बरीच कमी असते. मध्यकाष्ठ (खोडाच्या गाभ्याचे लाकूड) करडसर तपकिरी असून त्यात अनेकदा काळपट पट्टे असतात. रसकाष्ठ (त्याभोवतीचे, सालीकडचे लाकूड) पांढुरके असते. छिद्रे वार्षिक वलयाच्या आरंभी मोठी असून पुढे क्रमाने बारीक होत जातात, त्यामुळे आडव्या छेदावर वलये ओळखता येतात. लाकूड कठीण असले तरी ठिसूळ नाही, आणि पटाशीखाली आडव्या दिशेनेही स्वच्छ कापले जाते. पाकळीच्या कडा पातळ ठेवूनही त्या तुटत नाहीत, हे कोरीव कामाच्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य होय. हाच गुण आणि धक्का सोसण्याची क्षमता यांमुळे बंदुकीच्या दस्त्यांसाठीही हे लाकूड जगभर उत्तम मानले गेले.

झाडाच्या कोणत्या भागातून फळी काढली यावर तिचा दर्जा ठरतो. मुळाजवळचे लाकूड सर्वांत गडद व सर्वाधिक रेषांचे, म्हणून सर्वांत महाग. बुंध्याचे त्याखालोखाल, फांद्यांचे फिकट, जवळजवळ बिनरेषेचे आणि स्वस्त. म्हणूनच झाड जमिनीलगत न कापता मुळे खणून बुडख्यासह काढतात. खोडावरील गाठींमधून निघणारे लाकूड वेड्यावाकड्या नक्षीचे असते. त्यावर कोरीव काम करणे म्हणजे दोन नक्ष्या एकमेकींवर लादणे. ते पातळ कापून व्हेनीरसाठी वापरणेच योग्य.

उगम : या कारागिरीच्या उगमाविषयी दोन परंपरा आहेत. एकीनुसार चौदाव्या शतकात सूफी संत मीर सय्यद अली हमदानी (शाह हमदान) यांच्याबरोबर आलेल्या कारागिरांनी ती आणली. दुसरीनुसार काश्मीरचा सुलतान झैन-उल-आबिदीन (कार. सु. १४२०–७०) याने समरकंद, बुखारा व इराण येथून कारागीर बोलावून ती रुजवली. माहितीपत्रकांतून दुसरी परंपरा निर्विवाद म्हणून सांगितली जाते. तिला आधार आहे तो मिर्झा हैदर दुघलात याच्या तारीख-इ-रशीदीचा. सोळाव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या या फार्सी ग्रंथात, समरकंद-बुखारा सोडल्यास मावराउन्नहरमध्येही (मध्य आशियातील अमू दर्यापलीकडच्या प्रदेशातही) न आढळणाऱ्या कला काश्मिरात मुबलक आहेत आणि त्याचे श्रेय झैन-उल-आबिदीनला आहे, असे म्हटले आहे. त्याने दिलेल्या यादीत दगड कापणे, दगडाला झिलई देणे, बाटल्या बनवणे, सोन्याचा वर्ख ठोकणे यांबरोबर खिडक्या कोरणे हेही येते. तथापि तेथे अक्रोडाचा उल्लेख नाही. उलट श्रीनगरातील उंच घरे ताज्या तोडलेल्या पाइनच्या लाकडाची असल्याचे तोच लेखक नोंदवतो.

जुने लाकूडकाम अक्रोडाचे नव्हते, याच बाजूचा वास्तूंचा पुरावाही आहे. श्रीनगर येथील शाह हमदान यांची खानकाह (सूफींचा मठ) मुळात चौदाव्या शतकाच्या अखेरीची असली, तरी सध्याची वास्तू १७३१ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली आहे, आणि तिचे लाकूडकाम प्राधान्याने देवदाराचे आहे. काश्मिरी पिंजऱ्या, म्हणजे भौमितिक जाळीच्या खिडक्या, आणि खतमबंद (लाकडी तुकड्यांच्या भौमितिक नक्षीची) छते यांतही देवदार वा तत्सम सूचिपर्णी लाकूडच येते. ही कामे छोट्या पट्ट्या एकमेकींत अडकवून होतात; अक्रोडकामात एकाच फळीतून फुले-पाने उठवली जातात. तंत्रदृष्ट्या दोन्ही परंपरा वेगळ्या आहेत, हे एकीचे वय दुसरीला देताना विसरले जाते.

वस्तूंचे आकार पाहिले तर शंका अधिक बळावते. जमिनीवर बसण्याउठण्याची रीत असलेल्या काश्मिरी घरात जेवणाचे टेबल, एकात एक बसणाऱ्या तिवया, घडीचे पडदे वा दिव्याचे स्तंभ यांचे प्रयोजन नव्हते. हे आकार युरोपीय गिऱ्हाइकासाठीचे आहेत. १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर शालींचा व्यापार कोसळला, त्याच सुमारास उन्हाळ्यात खोऱ्यात येणाऱ्या युरोपीयांची संख्या वाढली. बाहेरच्यांना तेथे जमीन घेता येत नसल्याने हाउसबोटी निघाल्या आणि त्या सजवण्यासाठी सामान लागले. कुराण ठेवण्याची रिहल, कलमदान यांसारख्या देशी वस्तू आधीपासून बनत असणार, हे मान्य करावे लागते. तरीही कोरीव लाकूडकामाची सर्वसाधारण परंपरा सुलतानकालीन आणि अक्रोडावरील आजच्या स्वरूपाचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, असा भेद करणे अधिक सयुक्तिक वाटते. शिसवीचे कोरीव ‘बाँबे ब्लॅकवुड’ फर्निचर मुंबईत याच शतकात आकाराला आले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

जमाबंदी आयुक्त वॉल्टर लॉरेन्स यांनी १८९५ मध्ये काश्मिरी कोरक्याच्या रचनाकौशल्याची वाखाणणी केली. कामातील ओबडधोबडपणाचा बराच दोष मात्र चांगले अक्रोडाचे लाकूड मिळण्यातील अडचणीला दिला. ही तक्रार आजही जुनी झालेली नाही.

तंत्र : कापलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या ठेवून सावलीत रचतात व जाडीप्रमाणे एक ते चार वर्षे मुरू देतात. घाई केल्यास जाड फळी वरून ठीक दिसते आणि आतून चिरते. सुतार वस्तू घडवून देतो. त्यानंतर नक्काश (कोरक्या) तिच्यावर टोकदार हत्याराने आराखडा ओरखडतो आणि पटाशी व लाकडी मोगरीने पार्श्वभूमी खाली घेतो. उथळ कामाला सादीकाम, आरपार कोरलेल्याला जाळीदार, आणि पाने-फुले खालून पोकळ करून थरावर थर उठवलेल्याला खोखरदार म्हणतात. शेवटच्या प्रकारास जाड फळी व सर्वांत अनुभवी हात लागतो. चिनारचे पान, कमळ, गुलाब, द्राक्षवेल हे नेहमीचे आकृतिबंध. काही शालीवरून आलेले. शेवटी मेण किंवा लाखेचे पॉलिश करतात. घासकामात काचकागद जास्त चालला की पटाशीच्या धारदार कडा बोथटतात. स्वस्त माल ओळखण्याची ही एक खूण आहे.

निवड व वापर : बनावट मालात दुसरे हलके लाकूड कोरून गडद रंगवलेले असते. अशा वेळी वस्तूची न रंगवलेली खालची बाजू आणि आडवा छेद पाहावा. अस्सल कामातही फांदीचे वा रसकाष्ठाचे लाकूड रंग देऊन मुळाचे म्हणून खपवले जाते. रसकाष्ठात स्टार्च असल्याने त्याला पोखरणारे भुंगेरे लागतात. पिठासारखा भुसा गळत असेल तर तो तुकडा नाकारावा. ओलसर हवेत लोखंडाशी संबंध आल्यास लाकडातील टॅनिनमुळे निळसर-काळे डाग पडतात, म्हणून स्क्रू व बिजागऱ्या पितळेच्या घ्याव्यात.

उजेडात बहुतेक लाकडे गडद होतात. अक्रोड मात्र वर्षानुवर्षांत फिकट होऊन सोनेरी छटेकडे झुकतो. थेट उन्हाच्या खिडकीशेजारी ठेवलेल्या टेबलावर फुलदाणीखालचा भाग गडद राहून वर्तुळ उमटते. ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत हे लाकूड वलयांच्या दिशेने सुमारे ७.५ टक्के व त्रिज्येच्या दिशेने ५.५ टक्के आकसते. खोऱ्यातील कोरड्या ऋतूत घडवलेला टेबलाचा अखंड माथा मुंबई वा कोकणात पहिल्याच पावसाळ्यात रुंदीत फुगतो. तो चौकटीवर सर्व बाजूंनी डिंकाने घट्ट न चिकटवता थोडी सरकण्यास जागा ठेवून बसवलेला आहे का, हे विकत घेतानाच पाहावे. भारतीय मानक २८७ मध्ये लाकडातील ओलाव्याच्या मर्यादा हवामानाच्या विभागांप्रमाणे वेगवेगळ्या दिल्या आहेत त्या याच कारणाने.

काश्मिरी अक्रोडकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या मानांकनाचा संबंध कारागिरीशी व तिच्या प्रदेशाशी आहे. दुकानातील लॅमिनेटवर छापलेले ‘वॉलनट’ हे केवळ छटेचे नाव असते. शिरीषाचे लाकूड पूर्वी युरोपच्या बाजारात ‘ईस्ट इंडियन वॉलनट’ या नावाने विकले जाई, तर आफ्रिका व क्वीन्सलंड येथील अनुक्रमे लोव्होआ आणि एन्डिअँड्रा या वंशांतील वृक्षांचे लाकूडही वॉलनटच म्हणवते. यांपैकी एकही अक्रोडाच्या कुलातील नाही.