एगनॉग आइस्क्रीम

एगनॉग आइस्क्रीम : दूध, क्रीम, साखर, अंड्याचा बलक व जायफळ यांचे शिजवून गोठवलेले कस्टर्ड. त्यात बहुधा थोडी रम, ब्रँडी किंवा बर्बन ही अमेरिकी व्हिस्की असते. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणापासून नववर्षापर्यंतच्या सणासुदीत हे केले जाते. व्हॅनिला कस्टर्ड आइस्क्रीमपेक्षा यात जायफळ आणि मद्य एवढेच जास्त. पण मद्यामुळे गोठण्याचे गणित बदलते आणि घरचे बहुतेक प्रयोग तिथेच फसतात.

मूळ पेय एगनॉग, म्हणजे दूध, क्रीम, साखर, अंडी आणि बहुधा मद्य फेटून केलेले पेय. त्याची मुळे मध्ययुगीन इंग्लंडमधल्या ‘पॉसेट’ या गरम दूध व मद्याच्या पेयात शोधली जातात. अठराव्या शतकात ते अमेरिकेत रुजले. तिथे दूध-अंडी मुबलक होती आणि कॅरिबियन बेटांवरून रम येत असे. १८२६ च्या नाताळात वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतील कॅडेटांनी एगनॉगसाठी चोरून दारू आणली, तिचे पर्यवसान दंग्यात झाले आणि अनेकांवर लष्करी खटले चालले. बलक घालून शिजवलेले आइस्क्रीमही तिथे जुनेच आहे. थॉमस जेफरसन यांच्या हस्ताक्षरातील कृतीत दोन बाटल्या क्रीम, सहा बलक आणि अर्धा पौंड साखर आहे; मिश्रण उकळीच्या जवळ आले की उतरवून कापडातून गाळावे, असेही त्यात म्हटले आहे. आजची कृती याहून फार वेगळी नाही.

प्रमाण. सुमारे एक लिटर मिश्रणासाठी ४०० मिली दूध, ३५ टक्के स्निग्धांशाचे ३०० मिली क्रीम, १४० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम बलक, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा ताजे किसलेले जायफळ, एक चमचा व्हॅनिला इसेन्स आणि ३० मिली रम. भारतातली अंडी लहान असल्याने १०० ग्रॅम बलकासाठी सहा-सात लागतात. भारतात सहज मिळणारे पाकिटातले क्रीम २५ टक्क्यांचे असते; ते वापरल्यास क्रीम ४०० मिली आणि फुल क्रीम दूध ३०० मिली घ्यावे, स्निग्धांश जवळपास तेवढाच राहतो. अमेरिकेत दुकानात तयार एगनॉग मिळते. तिथल्या नियमानुसार त्यात दुधाचा स्निग्धांश किमान ६ टक्के असावा लागतो. आइस्क्रीमला एवढा पुरत नाही, म्हणून ५०० मिली एगनॉगमध्ये २५० मिली क्रीम घालून ते मिश्रण थेट आइस्क्रीमच्या यंत्रात टाकतात. साखर त्यात असतेच, वेगळी घालायची नाही.

शिजवणे. बलक आणि साखर फिकट होईपर्यंत फेटावी. साखर बलकावर नुसती टाकून ठेवू नये. ती बलकातले पाणी ओढून घेते आणि न विरघळणाऱ्या कण्या राहतात. दूध, अर्धे क्रीम, मीठ व जायफळ वाफ येईपर्यंत तापवावे. त्यातले पळीभर दूध बारीक धारेने, फेटत फेटत बलकात घालावे. असे दोन-तीनदा केल्यावर सगळे मिश्रण पातेल्यात ओतून मंद आचेवर लाकडी उलथन्याने तळापासून ढवळत राहावे. ७१ अंश सेल्सिअसला साल्मोनेला या अंड्यातील रोगजंतूचा धोका संपतो, ८० ते ८२ अंशांवर कस्टर्ड दाटते आणि ८५ च्या पुढे अंडे फाटते. थर्मामीटर नसेल तर उलथन्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढून पाहावी. रेघ टिकली की उतरवावे. उरलेले थंड क्रीम लगेच ओतले की शिजणे थांबते. मग गाळणीतून गाळून पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवावे. किंचित फाटलेले कस्टर्ड ब्लेंडरने फिरवून गाळले तर वाचते. अंड्याचा उग्र वास सुटला असेल तर ते टाकून देणेच बरे.

गार मिश्रण फ्रीजमध्ये रात्रभर मुरू द्यावे. या वेळात स्निग्धांश घट्ट होतो, प्रथिने पाणी धरतात आणि त्यामुळे पुढे घुसळताना हवा नीट कोंडली जाते. ही पायरी गाळली की आइस्क्रीम खरखरीत होते.

मद्य. मद्य व व्हॅनिला मिश्रण गार झाल्यावरच घालावे. गरम कस्टर्डमध्ये त्यांचा वास उडतो. गोठणबिंदू खाली आणण्यात एक ग्रॅम अल्कोहोल सात ग्रॅमांहून अधिक साखरेएवढे काम करते. ३० मिली रममध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे परिणाम ७५ ग्रॅम साखर जास्त घातल्यासारखा. एवढ्याने आइस्क्रीम फ्रीजरमधून काढल्या काढल्या चमच्याने निघते. ६० मिली घातली तर मऊ पडते आणि ताटलीत लगेच ओघळते. ‘अजून थोडी घालू’ हा मोह इथे महागात पडतो. मुलांसाठी करताना मद्य वगळून साखर १६५ ग्रॅम घ्यावी, नाहीतर गोळा दगडासारखा होतो.

गोठवणे. यंत्राचे भांडे −१८ अंशांत २४ तास ठेवलेले आणि मिश्रण ५ अंशांखाली असावे. २० ते ३० मिनिटांत ते मऊ सॉफ्टीइतके दाटते. त्यापुढे घुसळत राहिल्यास लोण्याचे कण जिभेला लागतात. हाताने फिरवायच्या आइस्क्रीम पॉटमध्येही हे उत्तम होते : फोडलेला बर्फ तीन-चार भाग व जाडे मीठ एक भाग, आणि पाणी झाले की वरून नवा बर्फ व मीठ. नंतर उथळ डब्यात भरून, पृष्ठभागाला बटर पेपर चिकटवून, फ्रीजरच्या तळाशी पाच-सहा तास ठेवावे. दोन आठवड्यांपर्यंत चव चांगली राहते. वितळलेले पुन्हा गोठवू नये.

जायफळ. श्रीखंड आणि पुरणपोळीत जायफळ खाणाऱ्या मराठी जिभेला ही चव परकी वाटत नाही. कोकणातल्या नारळ-सुपारीच्या बागांत जायफळाची झाडे असतात. गोव्याच्या बेबिंकातही अंड्याचे बलक आणि जायफळ असते. तयार पूड मात्र वापरू नये. तिचा सुगंध डब्यातच उडालेला असतो. जायफळ जास्त झाले तर कडवटपणा येतो. थंड पदार्थाने जीभ बधिरते, म्हणून गरम असताना मिश्रण थोडे जास्त गोड व जास्त वासाचे लागावे. दालचिनी-लवंग घालणारेही आहेत. पण त्याने एगनॉगची ओळख पुसट होते.

अंड्याविना. बलकाऐवजी १५ ग्रॅम कस्टर्ड पावडर थंड दुधात कालवून उकळी आणतात. ही पावडरच १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी अंडे न चालणाऱ्या आपल्या पत्नीसाठी शोधली. दाटपणा येतो, पण बलकातील लेसिथिनमुळे (स्निग्धांश व पाणी एकजीव ठेवणारे द्रव्य) येणारा रेशमी पोत येत नाही. बलकाच्या कृतीत उरलेला अंड्यांचा पांढरा भाग आइस्क्रीममध्ये घालत नाहीत, कारण त्यात स्निग्धांश नसतो. त्याची मेरिंग किंवा मॅकरून ही मिठाई करतात.