692 की 697? जुन्या टाटा ट्रकचं इंजिन बदलताना

उसाच्या आणि गुळाच्या भाड्यावर राबलेला जुना टाटा 1210 ट्रक दारात उभा आहे, इंजिन गेलंय, आणि दुसरं बघायला निघालात की जुन्या मालाचा व्यापारी हमखास म्हणतो, "692 घ्या न्हाईतर 697, दोन्ही टाटाच. बसतंय की!" माउंटिंग जमवून बसवता येतं, हे खरं. म्हणून ही दोन्ही इंजिनं एकच, असं नव्हे.

(टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, डायमलर-बेंझशी करार 1954 ते 1969 होता. त्या काळातल्या, नाकावर मर्सिडीजचा तारा असलेल्या गाड्यांचा विषय वेगळा. त्यात इथे शिरत नाही.)

नंबरातच निम्मं उत्तर आहे. पहिला 6 म्हणजे सहा सिलिंडर, पुढचे दोन आकडे म्हणजे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मिलिमीटरमध्ये. 692 चा बोअर 92, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 120, म्हणजे सुमारे 4.8 लिटर. 697 चा बोअर 97, स्ट्रोक 128, म्हणजे जवळपास 5.7 लिटर. स्ट्रोकमधला हा 8 मिलिमीटरचा फरक विसरला जातो. "692 ला बोअर मारून 697 करून देतो" म्हणणारे भेटतात. समजा बोअर 97 पर्यंत नेलाच, तरी स्ट्रोक ठरवणारा क्रँक जुनाच, हिशेब 5.3 लिटरवर थांबतो आणि सिलिंडरची भिंत पातळ होते ती वेगळीच. 697 चा क्रँकच निराळा.

वरवर बघून ओळखायला जाऊ नका. रंग मारलेला असतो, प्लेट बदललेली असते. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवायला लावा. सिलिंडरच्या तोंडाशी कार्बनची कड असते, तिच्या खाली बोअर गेज उतरवून माप घ्या. 93 आलं तर ते बोअर मारलेलं 692, 97.5 किंवा 98 आलं तर 697. गल्लत होण्याइतकी ही मापं जवळ नाहीत. बोअर आणि क्रँक ग्राइंडिंगची कामं करणारे कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहेत, तिथून माप घेणारा एक जण सोबत न्या.

खरी गोची इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपात होते. इंजिन 697 चं आणि पंप जुन्या 692 चाच ठेवला, तर डिझेल कमी पडतं. करूळ घाटात भरलेली गाडी दम टाकते आणि दोष इंजिनवर जातो. उलट केलं, तर काळा धूर. पंप त्याच इंजिनच्या मापाने टेस्ट बेंचवर लावून घ्या, डिझेल फवारणाऱ्या नोझलसकट. 697 घालणार असाल तर रेडिएटर आणि क्लचही तपासा, कारण उष्णता आणि ओढ दोन्ही वाढतात.

माझं मत विचाराल तर, गाडी हौसेने जपायची असेल तर 692 च शोधा आणि बांधून घ्या. भाड्यावर चालवायची असेल तरच 697. दोन्हीत आरसी बुकावरचा इंजिन नंबर बदलतो, त्यामुळे आरटीओची परवानगी आधी. आणि विकणाऱ्याकडे इंजिनचे कागद नसतील, तर हेड उतरवायचीही तसदी घेऊ नका.